महिन्याचा रकाना

लॉर्ना टीटरने जुन्या फोटोचं कार्ड कडेवर उभं धरून जाडीमापकाच्या जबड्यात अलगद सरकवलं आणि आकडा वाचला. मग ते फिरवून दुसऱ्या कडेने सरकवलं. समोर हेस्टर व्रूमनबाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. पणजोबांना डॉक्टरकडे आणलंय आणि डॉक्टर काही बोलत नाहीये, असा एकूण चेहरा.

"पातळ आहे," लॉर्ना म्हणाली.

"म्हणजे वाईट?"

"म्हणजे जुनं. अठराशे सत्तरनंतर पुठ्ठे जाड होत गेले, कोपरे गोल झाले. हे कोपरे बघा, सरळ कापलेले. कडेच्या या दोन सोनेरी रेघाही केसाएवढ्या बारीक आहेत. आणि आत त्या जांभळ्या दिव्याखाली धरलं, तर कागद मढ्यासारखा पडून राहिला. नवा कागद त्या दिव्याखाली चमकतो. लबाडी असली की अंधारात उजळते."

"माझ्या शाळेत उलट होतं," हेस्टरबाई म्हणाल्या. "लबाड पोरं अंधारातच गप्प बसायची."

बाईंनी एस्परकिलच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला चाळीस वर्षं शिकवलं होतं. आता वय एक्याऐंशी. कार्ड त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून आणलं होतं, आणि त्याच डब्यातून लॉर्नासाठी आल्याची बिस्किटंही. लॉर्नाने बिस्किटं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. तुपकट बोटांनी या धंद्यात जेवढं नुकसान केलंय, तेवढं आगीने केलेलं नाही.

मोहॉक नदीच्या त्या खोऱ्यात जुन्या बेसबॉलचं कार्ड कुणाच्या माळ्यावर सापडलं की लोक लॉर्नाकडे येत. येताना कार्डासोबत गोष्टही आणत, आणि गोष्ट बहुतेक वेळा कार्डापेक्षा वयाने लहान निघे. लॉर्ना गोष्ट ऐकून घेई, मान हलवी, आणि मग कागदाला विचारी. तिच्या दाखल्यावर सहा रकाने होते. बाकीचे तज्ज्ञ '१८६० ते १८७०च्या दरम्यान' लिहून मोकळे होत. लॉर्ना साल लिही आणि सहाव्या रकान्यात महिना. टोपीची पट्टी, पट्ट्याचं बकल, फोटोवाल्याने कधी दुकान बदललं, कधी पडदा बदलला, या असल्या चिल्लर गोष्टींवरून ती महिना काढी. महिना नाहीच निघाला तर 'अज्ञात' लिही. एकतीस वर्षांत रकाना रिकामा कधी सोडला नव्हता. तिच्या मते अज्ञात हे उत्तर होतं आणि रिकामी जागा म्हणजे आळस.

ही शिस्त टेबलापुरतीच. खिडकीत निळ्या काठाची थाळी उभी होती, ती शेजारच्या रोझॅनची. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला आली होती. आता मे चालू होता.

"आता मुद्द्याचं," हेस्टरबाई पुढे झुकल्या. "त्याच्या बुटांच्या मागे बघा. लोखंडी पाय दिसतोय ना? मेलेल्या माणसाला उभं करायची घोडी आहे ती. आमच्या घरात पहिल्यापासून हेच सांगतात. बॅरेंट व्रूमन मेल्यावर सामना जिंकलेल्या नॉर्थ बेंडच्या लोकांनी त्याला फोटोवाल्याकडे नेलं, उभं केलं, आणि जिंकलेला चेंडू स्वतःच्या हाताने त्याच्या हातात दिला."

लॉर्नाने भिंग लावलं. चौकडीचा शर्ट, कमरेला रुंद पट्टा, वय पंचविशीचं. दोन्ही हातांत छातीपाशी धरलेला चेंडू. बोटांचे सांधे सुजून वेडेवाकडे झालेले. बॅटवाल्याच्या मागे उघड्या हातांनी चेंडू अडवणाऱ्याचेच हात ते. चेंडू पांढरा रंगवलेला आणि त्यावर काळ्या अक्षरांत तीन ओळी. नुसत्या डोळ्याला त्या मुंग्यांच्या रांगा वाटत. भिंगाखाली स्वच्छ वाचता आल्या. ऑगस्ट १९, १८६५. नॉर्थ बेंड २१, एस्परकिल २०. सात डाव.

त्या काळी सामन्याचा चेंडू जिंकणाऱ्याला मिळे, आणि जिंकणारे तो रंगवून त्यावर तारीख व धावा लिहून घेत.

"माणसाचे डोळे खाली आहेत," लॉर्ना म्हणाली. "असा फोटो काढायचे नाहीत."

"मेलेल्याचे डोळे खालीच असणार."

"व्रूमनबाई, ही घोडी जिवंत माणसासाठी असायची. सहा-सात सेकंद हलायचं नाही म्हणून मागून डोकं टेकवायला. मेलेला माणूस तिच्यावर टिकत नाही. प्रेताचं वजन कोट अडकवायच्या खुंटीवर कोण टाकेल?"

हेस्टरबाईंची पर्स मांडीवरून थोडी घसरली. त्यांनी ती सावरली.

"म्हणजे हा जिवंत आहे?"

"पुठ्ठ्याचं ठरलं. माणसाचं अजून नाही. गुरुवारी या."

"डेल मार्सेलसला तुमची सही हवी आहे, म्हणून विचारते." बाईंनी आवाज शिक्षिकेचा केला, पण तो नीट लागला नाही. "तो आणि त्याची मंडळी मैदानाच्या तोंडाशी दगड बसवताहेत. एकोणीस ऑगस्टला दरवर्षी जुन्या नियमांनी खेळतात ना, लोकरी टोप्या घालून, दोन-तीन नखं गमावून. त्या पासष्टच्या संघाची नावं कोरायची आहेत. आठ ठरली."

"संघ नऊ जणांचा असतो."

"हे मी डेलला म्हटलं. माझाच विद्यार्थी, बोटांवर मोजून दाखवलं. तर म्हणतो, 'मॅडम, नववा विकला गेला होता.'"

ही गोष्ट एस्परकिलमध्ये दुधाबरोबर पाजतात. सातव्या डावात बॅरेंट व्रूमनच्या हातातून दोन चेंडू सुटले, नॉर्थ बेंडच्या दोन धावा झाल्या, आणि मग तो होता तिथेच खाली बसला. पाणी मागितलं. खेळ थांबवला, होत्या तेवढ्या धावा धरल्या. संध्याकाळपर्यंत तो एका घोडागाडीच्या सावलीत मेला. नॉर्थ बेंडकडून तो काहीतरी घेऊन बसला होता आणि पळायच्या आत देवाने गाठलं, असा गावाने निकाल लावला. पुरावा काय, तर त्या दिवशी पहाटे उठून त्याने गावभरची उसनी हत्यारं परत केली होती. करवत, कुदळ, पाळकांची शिडी. मुक्काम हलवायचा नसेल तर शिडी कोण परत करतो? त्याला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं.

लॉर्ना या खोऱ्यात सून म्हणून आली होती. इथे कुणी एकदम शहाण्यासारखा वागू लागला, कपाट आवरू लागला, की लोक विचारत, "काय, शिडी परत करतोस की काय?" तिनेही कित्येकदा विचारलं होतं. त्या शिडीला मालक होता आणि तिला खांद्यावर घेऊन निघालेला कुणी माणूस होता, हे तिला त्या सकाळी कळलं.

"डेल म्हणाला," हेस्टरबाई उठता उठता म्हणाल्या, "की जिंकणाऱ्यांनी चेंडू स्वतः त्याच्या हातात दिला असेल, तर त्यांनीच त्याला स्वच्छ ठरवलं. विकत घेतलेल्या माणसाला कुणी निशाणी देत नाही. 'मग मी नाव कोरतो,' म्हणाला. 'पण टीटरकडून लिहून आणा, तुमच्या घरच्या गोष्टी नकोत.' माझे वडील नाव न बघता गेले, आजोबा गेले. माझ्यामागे कुणी नाही. तेव्हा कृपा करून गुरुवारी."

बाई गेल्यावर लॉर्नाने कार्ड पालथं केलं.

पाठीवर निळं तिकीट होतं. यादवी युद्धाच्या खर्चासाठी सरकारने फोटोंवर कर लावला होता, तेव्हाचं. फोटोवाल्याने तिकीट चिकटवायचं आणि आपली आद्याक्षरं व तारीख टाकून ते बाद करायचं. कार्डांची तारीख काढणाऱ्याला एवढं सोपं सरकार पुन्हा मिळालं नाही. 'इ. वे.', म्हणजे एस्परकिलचा इरा वेम्पल. आणि खाली तारीख, ३ जुलै १८६५.

लॉर्नाने चष्मा पुसला. जुलैच.

तिला हसू आलं. वेम्पल चिकट माणूस म्हणून प्रसिद्ध होता. न खपलेल्या कार्डाचं बाद तिकीट वाफेवर सोडवून त्याने दुसऱ्यावर लावलं असणार. तिने भिंग तिकिटाच्या कडेवर आणलं. तारखेतल्या पाचाची शेपटी तिकिटावरून खाली उतरून पुठ्ठ्यावर गेली होती, एका दमात, न तुटता. तिकीट या पुठ्ठ्यावर असतानाच शाई ओढली होती. मग फोटो नंतर चिकटवला असेल. तिने कार्ड उजेडासमोर धरलं. खळीचा एकच थर, सोलल्याची खूण नाही. मग तारीखच चुकली असेल, माणूस आहे, ऑगस्टऐवजी जुलै लिहून जातो.

हे तिला पटलं. तिने लेखणी उचललीसुद्धा. मग सवयीने पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर रंगवलेला कठडा होता आणि कठड्याखाली बुटाच्या तळाएवढं ठिगळ. वेम्पलचं हे ठिगळ तिने दीडशे-दोनशे कार्डांवर पाहिलं होतं. त्याच्या भरवशावर तिने आयुष्यात बरेच महिने काढले होते, कारण पासष्टच्याच एकोणतीस जुलैला वेम्पलचं दुकान पडद्यासकट जळालं. त्यानंतर तो गाव सोडून गेला. हा पडदा ऑगस्टमध्ये जगात नव्हता.

लेखणी तिने परत ठेवली. बाहेर दुपार लख्ख होती. रस्त्यापलीकडे रोझॅन गवत कापत होती आणि यंत्राचा आवाज सुरळीत येत होता. लॉर्ना उठून खिडकी लावून आली, का ते तिला सांगता आलं नसतं.

सात आठवडे आधी धावा लिहिलेल्या. याचा अर्थ एकच निघे, की सामना ठरवलेला होता. व्रूमनांनी बिस्किटांच्या डब्यात पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं प्रशस्तिपत्र खरं म्हणजे कबुलीजबाब होता. डेल मार्सेलसला हे कळलं तर तो शिडीचं चित्रही दगडावर कोरून घेईल. लॉर्नाला वाईट वाटलं, पण वाईट वाटणं हा रकाना तिच्या दाखल्यावर नव्हता.

तरी तिसरी ओळ तिला सोडेना. सात डाव. सामना तर नऊ डावांचा असतो. हरायचं ठरवता येतं. एका धावेने हरायचंही कदाचित ठरवता येईल. पण सातव्या डावात माणूस बसेल, उठणार नाही आणि तिथेच खेळ थांबेल, हे जुलैत कुणी कुणाशी ठरवलं?

मंगळवारी ती गाडी घेऊन नॉर्थ बेंडला गेली. तो चेंडू तिथल्या वाचनालयात काचेखाली आहे, वह्या आणि एक फाटकी टोपी यांच्यासोबत. ग्रंथपाल कॉनी पेट्रोस्की ही मोठ्या आवाजाची बाई. वाचनालयात हळू बोला अशी पाटी होती, ती तिच्यासाठी नसावी.

"एस्परकिलचं माणूस! चेंडू परत मागायला आलात? दीडशे वर्षं उशीर झाला."

"नुसता बघायचाय. हातात मिळेल?"

"हातमोजे घालून. आणि पाडलात तर आम्ही परत जिंकलो असं धरणार."

लॉर्नाने चेंडू तळव्यावर घेतला. तिने पुष्कळ जुने चेंडू हाताळले होते. हा जरा जड वाटला. पांढरा रंग पिवळा पडला होता, अक्षरं शाबूत होती. 'सात'च्या पायाशी काळ्या रंगाचा एक ओघळ उतरला होता, शिवणीपर्यंत येऊन थांबलेला. ओघळाच्या डावीकडे कातड्याला अर्धचंद्रासारखा खड्डा, वरून रंग चढलेला.

"हा खड्डा?"

"त्याच दिवशीचा. तिसऱ्या डावात चेंडू गाडीच्या चाकावर आपटला, आमच्या वहीत लिहिलंय. कोरा चेंडू होता हो, आमच्या खोगीरवाल्याने त्या सकाळी शिवून दिलेला." कॉनीने वही उघडून बोट ठेवलं. "आणि हे बघा, एकवीस तारखेला रंगाऱ्याकडे दिला. आमचे लोक तुमच्या माणसाच्या अंत्ययात्रेला थांबले होते, म्हणून दोन दिवस लागले. तुमच्या गावचं कुणी आलं नव्हतं म्हणे. आमचेच सहा जण खांदा द्यायला."

"चेंडू इथून कधी बाहेर गेला? फोटोसाठी वगैरे?"

"कधीच नाही. रंगाऱ्याकडून थेट क्लबच्या कपाटात, कपाटातून इथे. का हो?"

लॉर्नाने चेंडूचे फोटो घेतले आणि आभार मानले. घरी येऊन फोटो मोठा केला, शेजारी कार्ड ठेवलं आणि भिंग एकावरून दुसऱ्यावर नेलं. सातच्या पायाशी ओघळ, शिवणीपर्यंत येऊन थांबलेला. डावीकडे अर्धचंद्र. तिने दोन्ही खुणा पट्टीने मोजल्या, तीनदा. तिन्ही वेळा तेच आलं.

तीन जुलैला बॅरेंट व्रूमनच्या हातात होता तो चेंडू एकोणीस ऑगस्टच्या सकाळपर्यंत शिवलेला नव्हता.

त्या दिवशी तिने दुसरं काम केलं नाही. बुधवारीही नाही. बुधवारी दुपारी, उत्तरेच्या खिडकीतला उजेड सर्वांत सपाट असतो तेव्हा, तिने पहिल्यांदा चेंडू सोडून चेहऱ्यावर भिंग ठेवलं. जिवंत माणूस सहा सेकंदांत कुठेतरी हलतोच, आणि हललेलं पुसट होतं. कपाळ स्वच्छ होतं, पापण्या स्वच्छ, मिशीचे केस मोजता येतील इतके. फक्त ओठ पुसट होते. काच पुसून तिने पुन्हा पाहिलं. ओठ आणि ओठांखालची हनुवटी, जणू त्या जागी कुणी हलकेच बोट फिरवलं होतं.

गुरुवारी हेस्टरबाई वेळेच्या दहा मिनिटं आधी आल्या. शिक्षक दहा मिनिटं आधीच येतात. लॉर्नाने कॉफी केली, बाईंनी ती घेतली नाही.

"बॅरेंट जिवंत आहे," लॉर्ना म्हणाली. "फोटोत. आणि हा फोटो सामन्याच्या आधीचा आहे. सात आठवडे आधीचा."

तिने सगळं सांगितलं. तिकीट, शेपटी, ठिगळ, आग, ओघळ, अर्धचंद्र. गाळलं काहीच नाही. नॉर्थ बेंडच्या सहा जणांनी खांदा दिल्याचंही सांगितलं. वर्गात कुणी अवघड धडा वाचत असताना ऐकावं तशा बाई ऐकत होत्या. सांगून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला.

"ते भिंग द्या."

लॉर्नाने भिंग दिलं आणि ओठांची जागा दाखवली. "हे बघा. इथे हललाय. म्हणून म्हणते जिवंत."

हेस्टरबाई बराच वेळ वाकून राहिल्या. कॉफीवर साय धरली.

"हा हललेला नाही," त्या म्हणाल्या. "वाचतोय."

"काय?"

"चाळीस वर्षं पाहिलंय मी. मनात वाचायला शिकलेली नसतात ना पोरं, ती ओठांनी वाचतात. डोळे खाली, मान गच्च, आणि फक्त ओठ. ओळ नवी असली की असंच." त्यांनी भिंग काढलं नाही. "त्याला उशिरा वाचायला आलं. लग्न झाल्यावर. पणजीने शिकवलं, बायबलवर."

रस्त्यापलीकडे रोझॅनने कुत्र्याला हाक मारली. दोघींनी खिडकीकडे पाहिलं आणि परत टेबलाकडे.

"तीन ओळी," हेस्टरबाई म्हणाल्या. "तारीख. धावा. आणि सात डाव. सात डाव म्हणजे काय, हे त्या काळच्या कॅचरला कळलंच असेल. नऊ का नाहीत?"

"सात आठवडे होते त्याच्याकडे." बाईंनी पर्सची कडी उघडली आणि मिटली. "घरी धाकटा होता, वर्षाचा. माझे आजोबा. ओल्बनीला बहीण होती, तिच्याकडे जाता आलं असतं. आजारी पडता आलं असतं. एकोणीस तारखेला नुसतं घरी बसला असता तरी चाललं असतं." कडी पुन्हा उघडली. "आणि हा पहाटे उठून पाळकांची…"

लॉर्नाने कॉफीचा कप बाजूला सरकवला, तिथे काही सांडलं नव्हतं तरी जागा पुसली, आणि दाखल्याचा कागद मध्ये आणला.

"मी काय लिहू, तुम्ही सांगा," ती म्हणाली. हे वाक्य तिने एकतीस वर्षांत कुणालाही म्हटलेलं नव्हतं. "जुलै लिहिलं तर मार्सेलस म्हणेल सामना ठरवलेला होता. दुसरं काही तो म्हणूच शकत नाही. शहाणा माणूस आहे."

"शहाणा नाही. पाढे पाठ आहेत, एवढंच."

"अज्ञात लिहू?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

"हो."

"मग खोटं नका लिहू. माझ्यासाठी तर नकोच." बाई उभ्या राहिल्या, टेबलाला हात टेकून. "पण सगळंच लिहिलं पाहिजे असंही नाही. पोरांच्या प्रगतिपुस्तकात मी कधी कधी एक जागा मोकळी ठेवायची. आईबाप यायचे विचारायला. ज्यांना खरंच हवं असायचं, ते यायचे."

लॉर्नाने लिहिलं. फोटो अस्सल. पुठ्ठा मूळ. फोटोवाला इरा वेम्पल, एस्परकिल. व्यक्ती बॅरेंट व्रूमन, हातात सामन्याचा चेंडू, अक्षरं वाचनीय. साल १८६५. मग लेखणी सहाव्या रकान्यावर आली, थोडी थांबली, आणि त्याला ओलांडून खाली सहीवर गेली.

डेल मार्सेलसचा फोन पुढच्या आठवड्यात आला.

"लॉर्ना, महिना राहिलाय."

"राहू दे."

"तू म्हणतेस राहू दे? तब्येत बरी आहे ना?"

"साल आहे, सही आहे. चेंडूवर काय लिहिलंय ते वाचलंस?"

"वाचलं. दोनदा वाचलं." पलीकडे कागद वाजला. "चेंडू त्याच्या हातात आहे खरा. म्हणजे त्यांनीच दिला. दुसरं काय असणार?"

डेलला उत्तर हवंही नव्हतं, तो बोलत राहिला. दगड आधीच घासून तयार होता, नऊ ओळींची जागा होती, नववी ते काहीतरी वेल काढून भरणार होते, आता तिथे नाव बसणार होतं. कोरणारा सोमवारी येत होता. "मॅडमना मीच कळवतो," तो म्हणाला. "नाहीतर परत बोटांवर मोजून दाखवतील."

"डेल," लॉर्ना म्हणाली, "तो महिना कधी हवा असला, तर ये विचारायला."

"कशाला? तारीख चेंडूवरच आहे की."

फोन ठेवून ती टेबलाशी परत आली. कार्ड बिस्किटांच्या डब्यात घालून हेस्टरबाई केव्हाच घेऊन गेल्या होत्या, पण जाडीमापक, भिंग, पट्टी, सगळं त्या दिवसापासून तसंच पसरलेलं होतं. तिने एकेक वस्तू पुसून तिच्या जागी ठेवली. भिंग ठेवताना ते आधी उजेडाकडे धरून पाहिलं, काचेत काही नव्हतं. मग खिडकीतली निळ्या काठाची थाळी उचलली, कोमट पाण्याने धुतली, मागून, पुढून, कोरडी केली, आणि चपला घालून रस्ता ओलांडला.

रोझॅन पायरीवर बसून रोपांच्या कुंड्या बदलत होती. तिने आधी थाळीकडे पाहिलं, मग लॉर्नाकडे.

"अगं बाई! सहा महिन्यांनी?" ती हसली. मातीचे हात तिने गुडघ्यांवर पुसले. "काय गं, शिडी परत करायला निघालीस?"

लॉर्नाने थाळी तिच्या हातात दिली. दुपार होती, आकाशात ढग नव्हता, पलीकडे कुणाच्या तरी अंगणात पोरं चेंडू भिंतीवर आपटत होती, एकसारखी.

"धुतलीय नीट," ती म्हणाली. "बघून घे."